कॉलेजात अ‍ॅथलेटिक्सचा संघ शून्यातून उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

लेन_चार

नमस्कार मंडळी. जूनपासून मालाड-कांदिवली पट्ट्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालेय. एम.पी.एड., नेट झालंय, स्वतः विद्यापीठापर्यंत ४०० मीटर धावलेय. नेमणुकीसाठी यूजीसीची ती आठ मिनिटांची धाव असते (तिशीच्या आतल्या बायकांना १००० मीटर), ती हसतखेळत झाली. अवघड काम आता सुरू झालंय.

जिमखाना म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. कॅरम बोर्ड, टेबल टेनिसचं एक टेबल ज्याचा पाय दोरीने बांधलाय, क्रिकेटचं किट आणि कपाटात एक गंजलेला गोळा. मैदान नाही. फरसबंद चौक आहे, त्यातल्या अर्ध्या भागात स्टाफच्या गाड्या. प्राचार्य मनाने चांगले आहेत, पण कॉलेजला आजवर क्रिकेट आणि कबड्डीच ठाऊक. मी अ‍ॅथलेटिक्सचं नाव काढलं तर म्हणाले, "करा की, पण दोन वर्षांत विद्यापीठाच्या मीटमध्ये आपलं नाव दिसलं पाहिजे."

मुलं बहुतेक भाईंदर, नालासोपारा, विरारची. सकाळी सातला लेक्चर, बाराला सुटली की कोणी मॉलमध्ये, कोणी डिलिव्हरीला, कोणी सीएच्या ऑफिसात. नोटीस लावली तेव्हा कागद पुरला नाही इतकी नावं आली. पंधरवड्यात मूठभर उरली. सगळ्यांना शंभर मीटरच पळायचंय.

कोणते इव्हेंट धरू? सराव कुठे घेऊ? आणि ही गळती कशी थांबवू? मैदानावर आयुष्य घालवलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

पॉइंट_टेबल

मॅडम, सरळ सांगतो. दोन वर्षांत नाव हवं असेल तर तयार मुलं घ्या. राज्य शालेय स्पर्धेच्या निकालांवर लक्ष ठेवा, बारावीनंतर त्यांच्या पालकांना भेटा, फी माफ करून द्या, हजेरीचं बघून घ्या. सगळी मोठी कॉलेजं हेच करतात. शून्यातून घडवणं वगैरे भाषणात छान वाटतं, प्राचार्यांना ट्रॉफी लागते.

फक्कीवाला

मॅडम, मी मध्य मुंबईतल्या एका कॉलेजातून निवृत्त झालो. मैदान आमच्याकडेही नव्हतं. शिवाजी पार्क हेच मैदान, आणि उजाडायच्या आत पोचलो नाही तर क्रिकेटच्या नेट्सनी सगळी जागा व्यापलेली असायची. पिशवीत फक्की (मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड), सुतळी, मोजायची टेप, दोन बॅटन. एवढ्यावर पुष्कळ वर्षं संघ चालवला, म्हणून जरा लांबण लावतो.

पॉइंट टेबलवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. कोट्यातून आलेली दोन मुलं पहिल्याच वर्षी पदक देतात. पण ती मुलं क्लबची असतात. सराव क्लबात, कोच क्लबचा, कॉलेजचं नाव फक्त प्रवेशिकेवर. ती टीवाय (तिसरं वर्ष) करून गेली की तुमच्या कपाटात पुन्हा तो गंजलेला गोळाच. घ्या एखादं असं मूल, जरूर घ्या, बाकीच्यांना समोर कोणीतरी दिसावं लागतं. पण त्याला कार्यक्रम म्हणू नका. मी वर्षअखेरीला एकच आकडा मनापासून बघायचो: एफवायला (पहिल्या वर्षाला) आलेल्यांतली एसवायला (दुसऱ्या वर्षाला) किती परत आली. पदकांचा तक्ता प्राचार्यांच्या केबिनसाठी. शरीर घडायला दोन-अडीच वर्षं लागतात आणि आपल्याकडे मूल असतं तीन वर्षं. पहिल्या वर्षी गळालं की सगळं पाण्यात.

आता मुलं कुठून आणायची. नोटिशीने येतात ते शाळेत शंभरला पहिले आलेले. "सर, माझं अकरा फ्लॅट आहे." ते अकरा फ्लॅट पीटीच्या सरांनी पिस्तुलाचा धूर बघून दाबलेल्या की शिट्टी ऐकून दाबलेल्या घड्याळावरचं, देव जाणे. अगदी नीट घेतलेल्या हाती वेळेतही १०० आणि २०० ला ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४, तेव्हा ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी तोलता येते. म्हणजे ११.० चं ११.२४ झालं, आणि सर शिट्टीवर दाबत असतील तर आणखी पुढे. हे मुलाला पहिल्या दिवशी सांगू नका, पण तुमच्या वहीत लिहा.

मी मुलं दुसऱ्या खेळांतून उचलायचो. खो-खोची मुलगी घ्या. ती वाकते, वळते, खांबापाशी अंग झोकून देते, तिला अडथळ्यांची भीती नसते. मल्लखांब केलेल्या पोरीचे खांदे आणि पोट असं असतं की बांबू उडीचा अर्धा अभ्यास घरूनच करून आलेली. कबड्डीतला, लंगडीत पटाईत असलेला चढाईवाला तिहेरी उडीला घ्या, कबड्डीच्या सरांशी मात्र आधी चहा पिऊन घ्या, नाहीतर युद्ध. एनसीसीची मुलं चालण्याच्या शर्यतीला, कारण त्यांना कंटाळा सहन करायची सवय असते.

आणि सगळ्यात मोठी खाण म्हणजे पोलीस भरतीवाली मुलं. तुमच्या कॉलेजात नक्की असणार. त्यांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. गोळाही पुरुषांचा ७.२६ किलोचा आणि बायकांचा ४ किलोचा, म्हणजे आपल्याच स्पर्धेचा. ही मुलं कोणी न सांगता पहाटे उठून पळत असतात, फक्त त्यांना शिकवणारं कोणी नसतं. त्यांना सांगा, माझ्याकडे आलात तर गोळ्याला कसं सरकायचं आणि १६०० चे टप्पे कसे पाडायचे ते शिकवते, बदल्यात कॉलेजच्या बनियनवर पळायचं. ही मुलं गळत नाहीत, कारण त्यांना नोकरी दिसत असते. माझ्या संघाचा कणा हीच मुलं होती. एकेकाचं पुढे भरतीत झालं आणि टीवाय अर्धं टाकून गेला, तेव्हा पेढे खाल्ले आणि रिलेसाठी दुसरा शोधला.

इव्हेंटचं बोलू. मुंबईत भाला आणि हातोडा सार्वजनिक मैदानावर शिकवायचा विचारही करू नका. मॉर्निंग वॉकवाले आजोबा मध्येच वळतात. पिंजरा असलेलं, बंद मैदान मिळालं तरच. शंभर-दोनशेला प्रत्येक कॉलेज मुलं उतरवतं. गर्दी नसते ती अडथळे, तिहेरी उडी, चालणं, स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची लांब शर्यत) इथे, त्यातही मुलींच्या बाजूला. गुण सगळीकडे तेवढेच. मीटचं माहितीपत्रक हातात आलं की एका कॉलेजच्या किती प्रवेशिका चालतात ते आधी वाचा आणि रिकाम्या जागा भरा.

मुलींचे १०० मीटर अडथळे तुमच्या त्या फरसबंद चौकात बसतात. पहिला अडथळा १३ मीटरवर, पुढचे साडेआठ-साडेआठ मीटरवर. तीन अडथळे मांडले की ३० मीटर, वर थांबायला दहा-बारा मीटर. चाळीसेक मीटर मोकळी जागा गाड्या जरा सरकवल्या तर निघेल. तीन अडथळ्यांमध्ये तीन पावलांची लय ज्या मुलीला बसली तिला दहाही जमतात, उरतो तो दमाचा प्रश्न. अडथळे पीव्हीसी पाइपचे करा, आडवा पाइप नुसता टेकवून ठेवा, लागला की पडला पाहिजे. सुरुवात ८३.८ सेंटीमीटरवर करू नका, गुडघ्याच्या उंचीपासून चढवत न्या. पळणं नाही, फक्त अडथळ्याच्या बाजूने मागच्या पायाचा सराव, हे तर जिमखान्याच्या पॅसेजमध्येही होतं. फरशी ओली असेल त्या दिवशी मात्र अजिबात नाही.

रिले तर गरिबाघरची लॉटरी. आपली चार मुलं समोरच्यांपेक्षा प्रत्येकी जरा हळू असली तरी बॅटन न अडखळता गेला तर आपण पुढे, कारण क्लबची तयार मुलं कॉलेजसाठी एकत्र येतात ती मीटच्या आदल्या दिवशी, आणि बॅटन पाडतात. आता देवाणघेवाणीचा झोन ३० मीटरचा आहे, जुन्या पुस्तकांत २० आणि मागे १० लिहिलेलं असतं, ते सोडा. कॉलेज सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत नुसतं उभ्याने, मग चालत, मग धावत. जिन्यातून वर जाताना बॅटन द्यायचा, कॅन्टीनच्या रांगेत द्यायचा. घेणाऱ्याने मागे बघायचं नाही. मागच्या खुणेवरून देणारा गेला की सुटायचं. खूण किती पावलांवर ते जोडीजोडीने ठरतं, वीस-बावीसपासून सुरू करा आणि सरकवत जा. आणि जोड्या बदलू नका, कोणाचं कोणाशी भांडण झालं तरी.

सरावाची वेळ. विरारच्या मुलाला सकाळच्या सरावाला बोलावणं म्हणजे त्याला घालवणं. सातच्या लेक्चरसाठीच तो अंधारात निघालेला असतो. लेक्चर सुटल्यावर पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, चौकात: तंत्र, उड्या, मेडिसिन बॉल, जिने. त्यानंतर तो कामाला जाऊ शकतो. रविवारी सगळे ट्रॅकवर, मग तो मरीन लाइन्सचा विद्यापीठाचा असो, कांदिवलीचा साईचा (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा) असो की नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क, जिथे परवानगी मिळेल तिथे. लांब पळणं त्यांचं त्यांनी घराजवळ. नालासोपाऱ्याच्या मुलाला कळंब आहे, विरारच्याला अर्नाळा, तुमच्या मालाडच्यांना अक्सा. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू, सुक्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या जातात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वहीत चिकटवून द्या.

डांबरावर आणि फरशीवर रोज पळवलंत तर पावसाळा संपायच्या आत अर्धा संघ नडग्या धरून बसेल. हे गळतीचं मोठं कारण आहे. मूल सांगत नाही की दुखतंय, यायचंच बंद होतं. जो दोनदा आला नाही त्याला फोन करा, पहिला प्रश्न "का आला नाहीस" असा नको, "नडगी कशी आहे" असा विचारा.

ऑगस्टात दहीहंडी येते. तुमचा उंच उडीवाला चौथ्या थरावर असणार, हे गृहीत धरा. बंदी घालून उपयोग होत नाही, मी तळाच्या थरात उभं राहायची सवलत द्यायचो.

तिहेरी_उडी

सरांनी बरंच सांगितलं, मुलींच्या बाजूचं मी सांगते. भाईंदरहून यायचे, तिहेरी उडी मारायचे, आता बँकेत आहे.

मॅडम, सगळ्यात आधी कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली मिळवा. आमच्याकडे नव्हती, दोघी जणी फक्त त्यासाठी सोडून गेल्या. दुसरं, आयांना एकदा मैदानावर बोलवा. माझी आई आली, तिने खड्ड्यातली वाळू बघितली, बाकीच्या मुली बघितल्या, डबा दिला आणि परत कधी "कशाला जातेस" म्हणाली नाही. बाबांना बोलावून तेवढं होत नाही, ते फक्त सर्टिफिकेटचं विचारतात.

तिसरं हिमोग्लोबिन. सत्राच्या सुरुवातीला तपासून घ्या. मी दमते म्हणून सगळे मला आळशी म्हणायचे, निघाला अशक्तपणा. सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडायचं आणि बाराला वडापाव, दुसरं काय होणार. डब्यात उसळ, अंडं, गूळ-शेंगदाणे, काहीतरी लेक्चरच्या मधल्या वेळात पोटात गेलंच पाहिजे. आणि नवरात्र. नऊ दिवसांचा उपास धरणाऱ्या मुली असतातच, आणि ते दिवस नेमके जोरदार सरावाचे. उपास सोड म्हणू नका, त्या आठवड्यात भार कमी ठेवा, बॅटन आणि तंत्र घ्या. पाळीचं सरळ बोला, तुम्ही बाई आहात हा मोठा फायदा आहे.

फक्कीवाले सरांच्या एका मुद्द्याशी मात्र माझं जमत नाही. क्लबला इतकं दूर ठेवू नका. मला कॉलेजात उडी सापडली, पण पुढे नेलं क्लबच्या कोचने. एकटी संचालक सगळे इव्हेंट शिकवू शकत नाही. मुलगी तुमच्या पुढे गेली की तिला हात धरून योग्य कोचकडे नेऊन सोडा.

लेन_चार

सर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. पोलीस भरतीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच वर्गावर्गात विचारते. आणि खोलीचं लगेच बघते, स्टोअररूमला कडी आहे.

अजून दोन गोष्टी. माझा एक मुलगा दर रविवारी कुठल्या ना कुठल्या दहा किलोमीटरच्या रोड रेसला जातो. बक्षिसाचे पैसे मिळतात, घरी लागतात. ट्रॅकवर तो १५०० ला चमकेल, पण रविवारी येतच नाही. दुसरं म्हणजे गोळाफेकीचा एक मुलगा ज्या जिममध्ये जातो तिथला ट्रेनर त्याला "पावडर आणि एक छोटं इंजेक्शन" सुचवतोय. काय करू?

फक्कीवाला

आधी इंजेक्शन, कारण त्यात थांबायला वेळ नाही. मुलाला एकट्याला बसवून विचारा, काय घेतलं, कधीपासून. ट्रेनरच्या डब्याचा फोटो मागवा. डॉक्टरने चिठ्ठी दिल्याशिवाय काहीही टोचून घ्यायचं नाही, आणि औषध चिठ्ठीचं असलं तरी प्रतिबंधित यादीत आहे का ते आधी बघायचं. विद्यापीठाच्या पातळीवरही नाडाचे (उत्तेजक द्रव्यांची चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे) लोक येऊ शकतात. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत ते आल्याची कुणकुण लागल्यावर शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला होता, तो किस्सा संघाला सांगा. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात. बंदी आली की त्या काळातले निकाल जातात, आणि ज्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची आशा असते तेच हातातून जातं. आईवडिलांना कळवायचं की नाही हे मुलगा किती खरं बोलतो त्यावर ठरवा.

रोड रेसवाल्याशी भांडू नका. पैसे घरी लागतात तिथे आपण पदकाच्या गप्पा मारणं बरं दिसत नाही. त्याच्याबरोबर बसून कॅलेंडर आखा: ऑक्टोबरपर्यंत महिन्यातली एखादी रेस, विद्यापीठाच्या मीटआधीचे पाच-सहा आठवडे एकही नाही. बदल्यात कॉलेजच्या निधीतून प्रवासभत्ता आणि बूट मिळवून द्या. त्यासाठी प्राचार्यांशी भांडलात तर चालेल. रस्त्यावरून ट्रॅकवर येणं जमत नाही असंही नाही. साताऱ्याच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिल्या आल्या, मग स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या. बीडचे अविनाश साबळे सैन्यात क्रॉस कंट्री पळत होते, स्टीपलचेस त्यांनी नंतर धरली. तुमच्या मुलाला दम आहेच, त्याला अडथळ्यावर पाय ठेवून उतरायला शिकवा. १५०० मध्ये गर्दी आहे, स्टीपलचेसला नसेल. पाण्याचा खड्डा नसला तरी लांब उडीच्या वाळूच्या अलीकडे ९१.४ सेंटीमीटरचा भक्कम ओंडका ठेवून त्यावरून उतरायचा सराव होतो. तो पीव्हीसीचा नको, त्यावर पूर्ण वजन येतं.

तिहेरी उडी ताईंचं क्लबबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण एसवायनंतर. एफवायच्या मुलीला लगेच क्लबात सोडलं की तिथल्या मोठ्या मुलींत ती हरवते आणि तुमच्याकडेही परत येत नाही. माझा अनुभव असा, त्यांचा वेगळा असू शकतो.

एक कारकुनी सल्ला, जो कोणी देत नाही. हजेरीची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. ७५ टक्क्यांचा प्रश्न मार्चमध्ये उपटतो तेव्हा प्रत्येक मीटचं पत्र, तारीख आणि विभागप्रमुखाची सही हातात असली पाहिजे. सायन्सच्या मुलांची प्रॅक्टिकल्स कुठल्या वारी आहेत ते भिंतीवर लावा. सवलतीच्या दहा गुणांचे अर्ज स्वतः भरून घ्या, मुलं विसरतात आणि मग दोन मार्कांनी केटी लागते (विषय राहतो). ज्या मुलाची केटी तुमच्या फाइलमुळे वाचली तो दुसऱ्या वर्षी तीन मित्र घेऊन येतो.

लेन_चार

फाइल आजच उघडली. गोळ्यासाठी चौकात वर्तुळ आखायचंय, शिपाईकाका म्हणतात फक्की पावसात राहणार नाही.

फक्कीवाला

बरोबर म्हणतात. फक्की शिवाजी पार्कसाठी. फरशीवर पांढरा ऑइल पेंट घ्या, सुतळी १ मीटर पावणेसात सेंटीमीटरची, म्हणजे व्यास २.१३५ येतो. आतल्या कडेने मोजा. फेकायचा मेडिसिन बॉलच, भिंतीकडे तोंड करून. लोखंडी गोळा चौकात नको, फरशी फुटली की प्राचार्यांचं मत बदलेल. आणि आखायच्या आधी शिपाईकाकांना विचारा प्राचार्यांची गाडी नेमकी कुठे लागते. त्याच जागी आखलंत तर रोज दुपारी गाडी हलवायला त्यांना खाली यावं लागेल, आणि मुलं काय करतायत ते आपोआप दिसेल.